साठ डिग्रीवाले भोईरकाका

“भांड्याची दाढी झाली का, डॉक्टरीणबाई?”

पीएच.डी.ची नोंदणी होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते आणि हा माणूस मला डॉक्टरीण करून मोकळा झाला होता. उल्हासनगरातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या दारात मी उभी, बदलापूरहून निघताना नीट विंचरलेले केस पार विस्कटलेले. समोर पिकल्या मिशांचा, खाकी पँटीतला एक गृहस्थ. त्याच्या एका हातात दाढीचा ब्रश, दुसऱ्या हातात फेसाची वाटी. मला वाटलं, मी भलत्याच खोलीत शिरले.

भांडं म्हणजे आमचा रिअ‍ॅक्टर. जाड पोलादाचा, लग्नघरातल्या मोठ्या कुकरएवढा. त्यात एक पातळ रसायन घालायचं, चिमूटभर पांढरी पूड घालायची, वरून दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि साठ डिग्रीवर वीस तास ठेवायचं. सगळं जमून आलं तर आतून प्लास्टिक निघतं. त्या प्लास्टिकच्या वजनातला निम्म्याहून जरा कमी भाग म्हणजे एरवी धुरांड्यातून हवेत सोडून दिला असता तो वायू. हा माझा संशोधनाचा विषय. ऐकायला झकास, करायला महाकठीण. एखादा सांधा जरी सैल राहिला तरी गॅस गळून जातो आणि सकाळी हातात काही येत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी भोईरकाका झाकणाला, नळ्यांना, सगळ्या जोडांना साबणाचा फेस फासायचे आणि वाकून बघत बसायचे. जिथे बुडबुडा फुगला तिथे गळती. याचं नाव दाढी. गळती शोधायचं एक महागडं यंत्र आमच्या कपाटात होतं, त्याला काकांनी कधी हात लावला नाही. म्हणायचे, “त्याला बॅटरी लागते. फेसाला नुसता डोला लागतो.”

डोळा हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. का ते येईलच पुढे. तेच सांगायला बसले आहे.

काका अंबरनाथजवळच्या एका आगरी गावचे. गावची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली आणि काका तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात चिकटले. उभी हयात रिअ‍ॅक्टरपाशी काढली. कारखाना बंद पडल्यावर माझे मार्गदर्शक मोटवानी सर यांनी त्यांना शोधून इकडे आणलं. कागदावर ते ‘कंत्राटी मदतनीस’ होते. रसायनशास्त्रातलं एक समीकरण त्यांना लिहिता यायचं नाही, पण मोटवानी सर आल्यागेल्याला सांगायचे, “ये भोईर है ना, मेरा आधा डिपार्टमेंट है. बाकी आधे में हम सब.”

आकड्यांवर काकांचा विश्वास होता, पण हातावर जास्त. यंत्रावर साठ दिसले तरी ते भांड्याजवळ हाताचा पालथा पंजा न्यायचे, क्षणभर थांबायचे आणि मग मान हलवायचे. तव्यावर हात धरून आई भाकरीचा अंदाज घेते ना, अगदी तसं. “साठ म्हणजे साठ,” असं स्वतःशीच पुटपुटायचे. मी त्यांना एकदा समजावलं होतं, की जास्त तापवलं तर तयार झालेली साखळी सुटत जाते आणि प्लास्टिकच्या जागी नुसतं पाण्यासारखं द्रव उरतं. ते म्हणाले, “म्हंजे शिवण उसवते. सांगा की सरळ.” त्यांची वहिनी उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातले धागे कापायचं काम घरी आणायची, तेव्हा शिवणीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पुढे प्रबंधात मी त्या क्रियेचं लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं. मनात मात्र आजही शिवण उसवते असंच येतं.

आणि मग पाटी. शाळेतली असते तशी, लाकडी चौकटीची काळी पाटी भांड्याच्या गळ्यात तारेने टांगलेली असायची. ज्याने भांडं सुरू केलं त्याने तिच्यावर खडूने नाव लिहायचं आणि किती डिग्री ते लिहायचं. नाव लिहिलंय त्याच्याशिवाय कोणी चावीला, बटणाला, कशालाही हात लावायचा नाही. लावलाच, तर खाली आपलं नाव लिहायचं. आणि नाव पुसायचं तेही ज्याने लिहिलं त्यानेच, काम संपल्यावर. कारखान्यात असताना कोणीतरी न विचारता वाफेची चावी उघडली होती आणि आत हात घालून साफसफाई करणाऱ्या त्यांच्या जोडीदाराचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हापासून काका पाटीशिवाय भांड्याजवळ उभे राहिले नाहीत. सरसुद्धा पाटीवर नाव लिहायचे. एकदा विसरले, तर काकांनी सगळ्या विद्यार्थ्यांदेखत खडू त्यांच्यापुढे धरला. सरांनी मुकाट्याने लिहिलं. मी तेव्हा तोंड दाबून हसले होते.

जेवायला आम्ही दोघं मागच्या पायऱ्यांवर बसायचो. प्रयोगशाळेत अन्नाचा कण आणलेला त्यांना चालत नसे. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुतेक वेळा सुकट, नाहीतर वालाचं बिरडं. माझ्या डब्याकडे बघून म्हणायचे, “हे काय, आजाऱ्याचं जेवन?” आणि अर्धी भाकरी माझ्या झाकणात टाकायचे. तीन वर्षं त्यांच्या घरची भाकरी खाल्लीय मी. हेही नोंदवून ठेवते.

पहिल्यांदा प्लास्टिक निघालं तो दिवस. दीड वर्ष नुसतं चिकट पाणी निघत होतं. त्या दिवशी काकांनी झाकण उघडलं आणि आत दुधी रंगाचा गोळा. मी रडायला लागले. काकांनी गोळ्याला बोट लावलं, वास घेतला. तो धुऊन, विरघळवून मी त्याचा एक पातळ पापुद्रा काढला, त्यातला बोटभर तुकडा त्यांनी मागून घेतला. उजेडात धरून बराच वेळ बघत होते.

“यात धूर किती?”

“निम्म्याहून थोडा कमी.”

“आमच्या वालाच्या शेंगा काळ्या करायचा हा धूर. आये शेंगा धुऊन धुऊन थकायची.” मग हसले. “बरा घावला आता.”

तो तुकडा त्यांनी शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घरात ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं की वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला दाखवत घरी गेले होते. रिक्षावाल्यालाही सोडलं नव्हतं.

आता ते सांगते, जे चार वर्षं कोणाला सांगितलं नाही.

माझ्या कामाचा आढावा घ्यायला बाहेरची समिती येणार होती. शुक्रवारी सकाळी अकराला. त्यांच्यासमोर ताजा नमुना ठेवायचा, असं सरांनी ठरवलं होतं. म्हणजे गुरुवारी दुपारी बारापर्यंत भांडं सुरू व्हायला हवं होतं. काका सकाळीच दाढी करून, सगळं सज्ज ठेवून बसले होते; पूड तेवढी मी मोजून घालायची होती. मी आले संध्याकाळी साडेपाचला. मैत्रिणीच्या साखरपुड्याचा ड्रेस कॅम्प तीनमध्ये शिवायला टाकला होता. तो आणायला गेले, तिथे बाही चुकलेली, मग ती उसवून पुन्हा शिवेपर्यंत तिथेच बसले, मग मैत्रीण आली, मग खाणंपिणं. काही मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

मी पूड घातली, काकांनी झाकण आवळलं. सहा वाजता त्यांनी साठ लावले, पंजा धरून बघितला, पाटीवर लिहिलं, ‘का. भोईर. ६०.’ म्हणाले, “उद्या दोनला उघडू. तवर त्या लोकांना चहा पाजा. जुना नमुना दाखवा. खोटं नाय काय त्यात.” आणि ते घरी गेले.

दोनला उघडून चालणार नव्हतं. सर विचारणार, उशीर का झाला. मी काय सांगणार, बाही चुकली? सात वाजता मी एकटी भांड्यासमोर उभी राहिले. थोडं जास्त तापवलं तर थोडं लवकर होईल, असा हिशेब केला. त्यांनाच शिवणीचं समजावून सांगणारी मी. वरच्या बाणाचं बटण दाबत गेले. सत्तर, ऐंशी, नव्वद. पहाटे लवकर येऊन परत साठवर आणायचं, म्हणजे कोणाला कळणार नाही. पाटीवर नाव लिहिलं नाही. खडू समोरच होता.

पाचचा गजर लावला होता. वाजला. मी बंद केला आणि कूस बदलून झोपले.

पोचले तेव्हा नऊ वाजले होते. सर समितीसाठी लवकर आले होते, काकाही. सरांनी भांडं बंद केलं होतं, पण यंत्रावर लावलेले आकडे दिसत होते. दाबाच्या काट्याने तांबडी रेघ गाठली होती. सरांचा चेहरा उतरलेला. “भोईर, नब्बे? ये फट जाता तो?”

“साठ लावलेले मी, सर.”

“देखो ना.”

काका पुढे झाले. त्या जुन्या यंत्रावर तांबडे, काड्यांचे आकडे दिसायचे, सहा आणि नऊमध्ये एका काडीच्या जागेचा फरक. काकांनी वाकून बघितलं. चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत घातला, परत बघितलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय हे त्यांनीच महिन्यापूर्वी हसत हसत सांगितलं होतं. तेच त्या क्षणी सगळ्यांना आठवलं. सरांचा आवाज एकदम मऊ झाला. “आँख का ऑपरेशन कराया नहीं ना अभी तक?”

मग सर माझ्याकडे वळले. “बेटा, शाम को तू थी ना यहाँ? कितना था?”

मी म्हणाले, “मी बघितलं नाही, सर.”

एवढंच. मराठीतले चार साधे शब्द. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. म्हणाले, “नाव माझंच हाय. म्हंजे मीच केलं असंल.”

भांडं उघडलं तेव्हा आत पाण्यासारखं द्रव होतं. समितीला जुना नमुना दाखवला. त्यांनी वाहवा केली. चहाही पाजला.

सरांनी काकांना काढलं नाही, हे मला सांगायलाच हवं. सर म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत भांडारात बसा, बाटल्या सांभाळा. काकांनीच ऐकलं नाही. सोमवारी आले, ब्रश आणि वाटी धुऊन ठेवली, म्हणाले, “ज्याला सहा-नऊ कळत नाय त्यानं पोरांच्या जवळ असलं भांडं पेटवू नाय, सर.” मला म्हणाले, “दाढी करत जा, डॉक्टरीणबाई. आळस नको.” आणि गेले. जाताना पाटी पुसायची राहिली. पुसायची राहिली की ठेवली, देव जाणे. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, म्हणून पुढे कोणी ती पुसली नाही. नवीन पाटी आणली. जुनी खिळ्याला लटकत राहिली, ‘का. भोईर. ६०.’

माझं काम पूर्ण झालं. प्रबंधात ऋणनिर्देशाच्या शेवटच्या परिच्छेदात एक ओळ आहे, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल श्री. भोईर यांचे आभार.’ ती लिहायला मला एक अख्खी दुपार लागली. मी खरी डॉक्टरीण झाले. अंबरनाथच्याच एका कंपनीत नोकरी लागली. आणि या सगळ्या काळात मी स्वतःची एक सोय करून घेतली होती. काकांना सगळं ठाऊक होतं, अशी सोय. त्यांचा हात काय चुकणार? त्यांनी ओळखलं असणार, हा या पोरीचाच प्रताप, आणि मोठ्या मनाने स्वतःवर घेतलं असणार. ‘मीच केलं असंल.’ किती थोर माणूस, असं मनात म्हणायचे आणि जरा हलकं वाटायचं. हे मी बऱ्याच वेळा केलंय.

यंदा प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली. भंगारात टाकायच्या वस्तूंमध्ये ती पाटी दिसली म्हणून तिथल्या एका मुलीने मला फोन केला. मी जाऊन घेऊन आले. चार दिवस ती घरात कपाटावर होती. कोणाचीच नजर जात नव्हती तिच्यावर, माझी सोडून. रविवारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि बदलापूरच्या पुढे वांगणीला गेले. काका आता तिथे राहतात, सासुरवाडीच्या जागेत. दोन खोल्या, थोडी भाजी, एक विहीर.

काका भाजीला आळी करत होते. मला बघून हात धुतले, हसले. “या, डॉक्टरीणबाई. आता खऱ्या झाल्या.” चेहरा तोच, पण काहीतरी कमी झालं होतं, मला लगेच कळलं नाही काय ते. चष्मा नव्हता. ऑपरेशन छान झालं होतं. ते पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात काकू बाहेर आल्या. मी विचारलं, काका इथे काही काम करतात का कुठे.

“कसला काम,” काकू म्हणाल्या. “अंबरनाथचा कंपनीवाला दोनदा बोलवाया आला. नाय म्हनाले. मोटरचा बटन दाबाया पन मना हाक मारतान. मी बघते चालू हाय का बंद, मंग दाबतान. गॅसजवल तर जात नाय. डॉक्टर बोलला डोले बेस हान, काय झाला नाय. पन त्यांचा सोतावरचा इश्वासच गेला बाय.”

मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. चार वर्षं ज्या सोयीवर मी निवांत झोपत होते ती तिथल्या तिथे मोडली. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी काही मोठ्या मनाने घेतलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपला डोळा फसला, हात फसला. ‘असंल’ म्हणताना ते मला वाचवत नव्हते, स्वतःलाच विचारत होते.

काका पाण्याचा तांब्या घेऊन आले. मी पाटी काढून खाटेवर ठेवली. त्यांनी ती ओळखली, हसले. “अजून पुसली नाय?”

“काका, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी वाढवलं. उशीर झाला होता म्हणून. मी केलं ते.”

त्यांना पटकन कळलं नाही. मग कळलं. मी बघत होते त्यांच्या चेहऱ्याकडे, बघणं भागच होतं.

“किती केलेलं?”

“नव्वद.”

“आनि माझं?”

“साठ. साठच होतं.”

“तुमी बघितलेलं?”

“बघितलं होतं. साठ होतं, काका.”

त्यांनी पाटी जवळ ओढून घेतली. मग माझ्याकडे न बघता आत हाक मारली. “अगो.”

“काय?” काकू चुलीपाशी होत्या.

“साठच व्हता.”

“काय साठ?”

“त्या टायमाला. साठच व्हता गो, मी लावलेला.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणाले, “काका, मला माफ करा.” त्यांनी मला शिवी द्यावी असं वाटत होतं, आरडाओरडा करावा. ते म्हणाले, “सरांना सांगा.” मग शर्टाच्या टोकाने पाटी पुसली, आधी साठ, मग नाव, कोपरे नीट साफ केले आणि मला परत दिली. म्हणाले, “फाटकाजवल रिक्षा मिळंल, मॅडम.”

तीन वर्षांत, आणि त्या दिवशी दारात आले तेव्हाही, या माणसाने मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

सरांना मी त्याच संध्याकाळी वांगणी स्टेशनवरून फोन केला. सगळं ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, “चार साल, बेटा?” आणि फोन ठेवला. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलंय ते त्याच्या आधीचं. रिक्षात बसले आणि मागे वळून बघितलं. काका विहिरीवरच्या मोटरपाशी गेले होते. काकू दारात येऊन उभ्या होत्या, त्यांना हाक आली नव्हती. काका बटणासमोर वाकले, थोडा वेळ तसेच थांबले आणि मग त्यांनी ते एकट्याने दाबलं. मोटर सुरू झाली. त्यांनी पाइपावर हाताचा पालथा पंजा ठेवला आणि पाणी येईपर्यंत तिथेच उभे राहिले. रिक्षा सुटेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.